विषय : निघून जाण्याबाबत

बिनचूकरावांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त पगारपत्रकात दिसायचं. ऑफिसात त्यांनी छत्तीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढली आणि त्या छत्तीस वर्षांत खोडरबराला हात लावताना त्यांना कुणी पाहिलं नाही. कुणाच्या बदलीचा हुकूम असो, कुणाच्या बडतर्फीची नोटीस असो, नाहीतर मोठ्या साहेबांनी स्वतःच्या मेहुण्याला लिहिलेलं खाजगी शिव्यांचं पत्र असो, यंत्रातून कागद निघायचा तो धुतल्या तांदळासारखा. ‘ध’चा ‘मा’ करणारे कारकून पैशाला पासरी मिळतात. बिनचूकरावांनी ‘ध’चा ‘घ’सुद्धा होऊ दिला नाही. त्यावरून हे नाव पडलं आणि निवृत्तीच्या दिवशी मानपत्रावरही तेच छापलं गेलं. मानपत्रात चार चुका होत्या.

त्यांचं गुपित साधं होतं. ते मजकूर वाचायचेच नाहीत. मजकूर डोळ्यांतून शिरायचा आणि बोटांतून बाहेर पडायचा. मध्ये डोक्यात थांबायची त्याला परवानगी नव्हती. “वाचायला लागलं की चुकतं,” असं ते नव्या टायपिस्टांना सांगत. एकदा तर त्यांनी स्वतःच्याच बदलीचा आदेश तीन प्रतींत टाइप करून दिला होता. दोन दिवसांनी शिपायाने तो हातात ठेवला तेव्हा खुर्चीतून पडायची वेळ आली.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी बायको घर सोडून गेली. तिच्या बहिणीच्या गावी गेली, दिवसभराच्या प्रवासावर. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नव्हतं. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. ती एवढंच म्हणायची की तुमच्याशी बोलायचं म्हणजे अर्ज टाकायचा आणि पोच यायची वाट बघत बसायचं. मग एका सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “जाते मी.” बिनचूकराव म्हणाले, “बरं.” त्याला आता चार वर्षं झाली होती.

या चार वर्षांत दोन खोल्यांच्या त्या घरात फारसं काही बदललं नाही. सकाळी उठायचं, टाइपरायटरवरचं कव्हर काढायचं, ब्रशने कळा साफ करायच्या, तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि कव्हर पुन्हा घालायचं. टाइप करायला काही नव्हतं. बोलायला खालचा झेरॉक्सवाला होता, पण तो स्वतःच इतका बोलायचा की समोरच्याने नुसती मान हलवली तरी संभाषण झाल्यासारखं वाटायचं.

तोच एक दिवस धापा टाकत वर आला.

“बिनचूकराव, नशीब उघडलं तुमचं! व्हिडिओत काम करणार का?”

“कसल्या?”

“गाण्याच्या. ती गायिका नाही का, दर महिन्याला केसांचा रंग बदलते ती? तिला म्हणे जुन्या काळातला व्हिडिओ करायचाय. ऑफिसचा सीन आहे. चालू टाइपरायटर शोधत दोघं जण माझ्या दुकानात आले होते.”

“मी मशीन भाड्याने देत नाही.”

“नुसतं मशीन नकोय हो त्यांना. चालवणारा पण हवाय. म्हणाले, जुना माणूस असला तर उत्तम.”

“मग?”

“मग मी म्हटलं, आहे वर एक. दोन्ही एकाच मॉडेलचे.”

बिनचूकरावांनी दोन दिवस विचार केला. विचार असा काही नव्हताच. पण लगेच हो म्हणायची त्यांना सवय नव्हती.

शूटिंग एका बंद पडलेल्या गोदामात होतं. आत एक अख्खं ऑफिस उभं केलं होतं: बारा टेबलं, फायलींचे ढीग, छताला पंखे, भिंतीवर घड्याळ. बिनचूकराव दारात थबकले. छत्तीस वर्षं ज्या खोलीतून सुटायची वाट पाहिली ती कुणीतरी हौसेने पुन्हा बांधून ठेवली होती. मग ते जवळ गेले आणि त्यांना हायसं वाटलं, कारण सगळं चुकीचं होतं.

सेटची जबाबदारी असलेली एक बाई होती. गळ्यात चिकटपट्टीची रिळं माळेसारखी घालून ती वाऱ्यासारखी फिरत होती. बिनचूकराव तिला म्हणाले, “मॅडम, हे कॅलेंडर आणि हा फोन एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. हा फोन आला तेव्हा ते कॅलेंडर रद्दीत जाऊन वीस वर्षं झाली होती.”

“काका, फील पाहिजे फक्त. जुनं म्हणजे जुनं.”

“आणि हे कागद पिवळे का?”

“चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेत. चारशे कागद! मस्त झालेत ना?”

“पण तेव्हा कागद पांढरे होते. पिवळे आता झालेत.”

सेटवालीने त्यांच्याकडे क्षणभर असं पाहिलं की जणू त्यांनी काही अश्लील बोलून टाकलं होतं. मग तिने एक डबा उचलला आणि त्यांच्या टाइपरायटरवर फवारा मारला. डब्यात धूळ होती. धूळ डब्यात मिळते हे बिनचूकरावांना त्या दिवशी कळलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून मशीन पुसलं. तिने पुन्हा फवारलं. त्यांनी पुन्हा पुसलं.

“काका!”

“मॅडम, मशीनवर धूळ असेल तर तो टायपिस्ट कामचुकार. मी तसा दिसणार नाही.”

शेवटी असं ठरलं की धूळ शेजारच्या टेबलावर राहील. त्या टेबलावर बसलेल्या माणसाला काहीच हरकत नव्हती. तो टाइपच करत नव्हता, पोटापाण्यासाठी म्हातारा दिसायचं काम करत होता.

गायिका आली तेव्हा सगळं गोदाम उठून उभं राहिलं, त्यामुळे बिनचूकरावही राहिले. ती टेबलांमधून चालत त्यांच्यापाशी आली, वाकून मशीनकडे पाहिलं आणि म्हणाली, “अंकल, हे खरंय?”

“हो.”

“आणि तुम्ही पण खरे?”

“हो.”

“किती गोड!” असं म्हणून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेली. चार वर्षांत त्यांच्या खांद्याला न्हाव्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. तिला अर्थातच हे ठाऊक नव्हतं. ती टेबलावर चढून नाचायच्या गडबडीत होती.

नाचाची तऱ्हाही न्यारी होती. गाणं दुप्पट वेगाने लावायचं, तिने दुप्पट वेगाने नाचायचं आणि नंतर म्हणे ते सगळं संथ करणार. एवढी धावपळ करून शेवटी संथच करायचं, ही पद्धत बिनचूकरावांना त्यांच्या ऑफिसपासून परिचयाची होती.

दिग्दर्शक डोक्यावर उलटी टोपी घालणारा पोरगेला माणूस होता. तो दूर एका पडद्यामागे बसून भोंग्यातून बोलायचा. “टायपिस्ट काका, तुम्ही मागे टाइप करत राहा. ॲक्शन!”

गाणं सुरू झालं. बिनचूकराव कळांवर बोटं ठेवून बसून राहिले.

“कट! काका, काय झालं?”

“मजकूर कुठाय?”

“कसला मजकूर?”

“टाइप करायचा.”

“अहो काका, काहीही टाइप करा! कुणी वाचणार नाहीये. बोटं हलली पाहिजेत फक्त.”

काहीही. हा शब्द बिनचूकरावांना कामाच्या जागी आजवर कुणी ऐकवला नव्हता. दुसऱ्यांदा गाणं सुरू झालं, तेव्हाही त्यांची बोटं हलेनात. समोर वाचायला कागद नव्हता आणि डोक्यातून बोटांपर्यंत जाणारा रस्ता इतकी वर्षं बंद होता की त्यावर गवत उगवलं असावं. भोंग्यातून मोठा सुस्कारा ऐकू आला. पन्नास माणसं त्यांच्याकडे बघत होती. घाबरून त्यांनी जे सगळ्यात आधी सुचलं ते दाबलं. कोणत्याही कागदावर सगळ्यात आधी जे येतं ते. ‘विषय’. आणि विषय लिहून झाल्यावर पुढे काहीतरी लिहावंच लागतं.

*विषय : घरातून निघून जाण्याबाबत.*

*संदर्भ : आपण दारात उभे राहून केलेले तोंडी निवेदन.*

*महोदया,*

*१. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण गेल्यापासून सदर घर जसेच्या तसे आहे. दोन खुर्च्यांपैकी एक वापरात आहे. दुसरी वापरात नसूनही दर आठवड्यास पुसण्यात येते.*

*२. आपल्या जाण्याची वेळीच दखल घेण्यात आली नाही, याबद्दल खेद आहे. दखल घेण्यास सक्षम असा दुसरा कोणी येथे नाही.*

*३. सबब, आपण परत येण्याबाबत काही विचार असल्यास तसे कळवावे. विचार नसल्यास तसेही कळवावे. कळविणे महत्त्वाचे आहे.*

इथवर रीतसर होतं. पण गाणं काही संपेना; एकामागून एक टेक होत होते आणि भोंगा ओरडत होता, “छान काका, थांबू नका!” बिनचूकराव थांबले नाहीत. चौथ्या परिच्छेदात आकडा घालायचा राहिला. त्यांच्या आयुष्यातली ती पहिली चूक, आणि ती त्यांच्या लक्षातही आली नाही.

*त्या दिवशी मी रिबन बदलत होतो. बोटं काळी झाली होती म्हणून वर बघितलं नाही. तू जाते म्हणालीस आणि मी बरं म्हणालो. मला वाटलं तू बाजारात निघालीस. बॅग नाही हे मला नंतर दिसलं. रिबन बसवून मान वर केली तेव्हा दार उघडं होतं आणि तू नव्हतीस. तू तिथे किती वेळ उभी होतीस? मी वर बघेन म्हणून थांबली होतीस का? एवढंच विचारायचं होतं. तेव्हापासून दार वाजलं की मी आधी मान वर करतो.*

संध्याकाळी सामानाची आवराआवर सुरू झाली. एका मदतनीस बाईने येऊन रोलरमधला कागद सर्रकन ओढून काढला आणि फायलीत घातला.

“माझा कागद,” बिनचूकराव म्हणाले.

“काका, कागद आमचा आहे. चहावाला.”

हे खरंच होतं. कागद सेटवाल्यांचा होता. बिनचूकराव मशीन उचलून घरी आले. घरी आल्यावर आपण काय टाइप केलं ते आठवून बघायला बसले, तर काहीच आठवेना. पान भरलं होतं आणि छातीत हलकं वाटत होतं, एवढंच आठवत होतं. बोटांतून गेलेलं डोक्यात थांबत नाही. सवय ती सवय.

महिनाभराने व्हिडिओ आला. झेरॉक्सवाल्याने दुकान अर्धा तास बंद ठेवून त्यांना दाखवला. एवढ्या महागड्या कॅमेऱ्यांनी काढलेलं चित्र इतकं धूसर होतं की बिनचूकरावांनी दोनदा चष्मा पुसला.

“चष्म्याचा दोष नाही हो,” झेरॉक्सवाला म्हणाला. “मुद्दाम केलंय. जुनं वाटावं म्हणून. ओरखडे पण मुद्दाम पाडलेत.”

“आमच्या काळी स्पष्ट दिसायचं.”

“तुम्हाला दिसत असेल. यांना कोण सांगणार?”

त्या धुक्यात गायिका टेबलांवरून फुलपाखरासारखी तरंगत होती आणि तिच्या मागे एक करडा ठिपका मान खाली घालून हलत होता. तो ठिपका म्हणजे बिनचूकराव. जगाला व्हिडिओ बेफाम आवडला. खाली लोकांनी हजारोंनी लिहिलं होतं, काय दिवस होते ते, आता तसं काही राहिलं नाही. लिहिणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा जन्मालाही आले नव्हते. एकाने लिहिलं होतं, ‘आमच्या काळी प्रेम असं असायचं.’ झेरॉक्सवाल्याने शोधून काढलं तेव्हा तो सातवीत निघाला.

गोष्ट इथेच संपली असती. पण लोकांची भूक भागेना म्हणून व्हिडिओच्या कंपनीने ‘हा व्हिडिओ असा बनला’ असा दुसरा व्हिडिओ काढला. तो जुना दिसायची गरज नव्हती, त्यामुळे तो लख्ख होता. त्यात सेटवाली होती, धुळीचा डबा होता, आणि चार सेकंद मशीनमधला कागद होता, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत. त्याखालचं तेव्हा टाइप व्हायचं होतं.

लोकांनी चित्र थांबवलं, मोठं केलं आणि वाचलं. मग सुतावरून स्वर्ग गाठायला किती वेळ लागतो? हे पत्र गायिकेने तिला सोडून गेलेल्या नटाला लिहिलंय, असं एकाने ठरवलं. नट पुरुष आहे आणि पत्रात ‘महोदया’ आहे, असं दुसऱ्याने दाखवून दिलं. मग ते त्या नटानेच तिला लिहिलं असावं, असं तिसऱ्याने सिद्ध केलं. एका प्राध्यापकांनी ‘कार्यालयीन भाषेतील विरहाचा विद्रोह’ असा लेख लिहिला. ‘दुसरी वापरात नसूनही दर आठवड्यास पुसण्यात येते’ हे वाक्य लोक छातीवर छापून हिंडू लागले. आणि गायिकेने एका मुलाखतीत डोळे पुसत सांगितलं की ते शब्द माझेच आहेत, माझ्या एकटेपणातून आलेत.

“पण ‘सबब’ हा शब्द तुम्हाला कसा सुचला?” मुलाखत घेणाऱ्याने विचारलं.

“आतून आला,” ती म्हणाली.

झेरॉक्सवाला काउंटरवर हात आपटून हसला. मग त्याने बिनचूकरावांकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. इतकं कमी बोलताना त्याला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, “तुमचं आहे ना?”

“हो.”

“वहिनींना?”

बिनचूकरावांनी मान हलवली.

“मग आता तर वहिनींनी वाचलं असेल की! शेंबड्या पोराला पाठ आहे ते.”

ही गोष्ट बिनचूकरावांच्या डोक्यात तोवर आलीच नव्हती. ती आली आणि मग तिने बाहेर जायचं नाव काढलं नाही. गायिकेने पत्र आपलं म्हणून सांगितलं याचा त्यांना राग नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी टाइप केलेल्या प्रत्येक कागदाखाली दुसऱ्याचीच सही असायची. प्रश्न एकच होता. बायकोने वाचलं का? आणि वाचून ओळखलं का?

त्यांच्याकडे बायकोच्या बहिणीचा नंबर नव्हता. कधी लागलाच नव्हता. फोन नेहमी बायकोच करायची. पण घरातला जुना फोन तोच होता, नंबर तोच होता. त्यांनी संध्याकाळी फिरायला जाणं बंद केलं. दुपारची झोप ते फोनशेजारी खुर्चीवर घेऊ लागले. तीनदा फोन वाजला. एकदा कुणाला तरी विमा विकायचा होता. दुसऱ्यांदा कुणीच बोललं नाही, आणि त्या न बोललेल्या फोनवर बिनचूकरावांनी दीड दिवस काढला. तिसऱ्या दिवशी विमेवाल्याचा पुन्हा फोन आला; परवा बोलता बोलता लाइन तुटली, म्हणाला.

मग दार वाजलं. त्यांनी मान वर केली. दारात कंपनीचा वकील उभा होता, हातात दोन कागद घेऊन.

“काका, छोटंसं काम आहे. इथे सही हवीये. शूटिंगच्या वेळी सेटवर जे काही तयार झालं ते कंपनीचं, असं तुम्ही तेव्हा लिहून दिलंच होतं. हे फक्त त्या पत्राबद्दल वेगळं. म्हणजे ते मॅडमचं आहे, तुमचं नाही, आणि तुम्ही याबद्दल कुणाशी बोलणार नाही.”

बिनचूकरावांनी कागद वाचला. “‘उपरनिर्दिष्ट’ चुकलंय. आणि तिसऱ्या ओळीत क्रियापदच नाही.”

“चालतंय हो.”

“मला नाही चालत.” त्यांनी मशीनवरचं कव्हर काढलं आणि स्वतःचं पत्र स्वतःचं नसल्याचा कागद शुद्ध करून, दोन प्रतींत, स्वतः टाइप करून दिला. मग सही केली. लिहून दिलं होतं ते लिहून दिलं होतं. शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

वकील खुश झाला. “आणखी एक. मूळ कागद कुठे गेला ते कुणाला सापडत नाहीये. तो फ्रेम करून मॅडमच्या चाहत्यांना बघायला ठेवायचाय. तुम्ही पुन्हा एकदा टाइप करून द्याल का? हा चहावाला कागद आणलाय. मजकूर हा घ्या.” त्याने लोकांनी मोठं करून छापलेलं चित्र पुढे ठेवलं. तीन परिच्छेद.

“खाली अजून होतं,” बिनचूकराव म्हणाले.

“काय होतं?”

बिनचूकरावांनी आठवून पाहिलं. “माहीत नाही.”

“मग राहू दे. लोकांना एवढंच माहितीये.”

त्यांनी टाइप करायला घेतलं. आणि या वेळी, कशामुळे कोण जाणे, ते वाचत गेले. ‘दोन खुर्च्यांपैकी एक’ इथे बोट घसरलं. ‘खेद’ लिहिताना दुसऱ्यांदा घसरलं. ‘कळविणे महत्त्वाचे आहे’ इथे तर सरळ चुकीची कळ दाबली गेली. त्यांनी कागद ओढून काढला. “दुसरा कागद द्या. खराब झाला.”

“नको, नको!” वकिलाने झडप घालून कागद घेतला. “चुका राहू द्या काका. जास्त जुनं वाटतं.”

फोन आला तो त्यानंतर चार दिवसांनी, दुपारी. बिनचूकरावांनी उचलला आणि विमेवाल्याला सांगायचं वाक्य जुळवलं.

“अहो, मी बोलतेय.”

वाक्य जुळवलेलं होतं ते गेलं. “हं,” ते म्हणाले.

“ताईच्या सुनेने तुम्हाला बघितलं. त्या गाण्याच्या व्हिडिओत. तुम्हीच आहात ना ते?”

“हो.”

“मी पाच वेळा लावायला सांगितलं. किती बारीक झालात! कॉलर गळ्याभोवती अशी पडलीये जशी काही दुसऱ्याची घालून गेलात. काय खाता काय तुम्ही?”

“खातो.”

“खातो म्हणे. दिसतंय की.”

बिनचूकरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. शेवटी त्यांनी विचारलं, “पत्र वाचलंस?”

“कुठलं पत्र?”

“त्या व्हिडिओतलं. मशीनमधलं. सगळ्यांनी वाचलंय.”

“इथे पोरी काहीतरी म्हणत होत्या, खुर्ची पुसते का काय ते. मी कशाला कागदाकडे बघू? मी तुमच्याकडे बघत होते.” मग ती म्हणाली, “एवढं मान मोडून काय टाइप करत होतात? कुणाला?”

सही केलेला कागद समोर टेबलावर होता, आपली प्रत. त्यात क्रियापदं सगळी जागच्या जागी होती. बिनचूकरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा लिहून दिलेला शब्द मोडला.

“तुला,” ते म्हणाले.

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज येत होता तो थांबला. ती तिथे मुलींना शिवण शिकवते हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. “मग पाठवलं का नाहीत?”

“त्यांनी ठेवून घेतलं.”

“मग तोंडी सांगा.”

“विषय, घरातून निघून…”

“विषय नको. पुढचं.”

पुढचं. वरचा अर्धा भाग आता जगाला पाठ होता, त्यांनाही. खालचा अर्धा कुणीच वाचला नव्हता. ते स्वतःही नाही. त्यातलं काही आठवेना. पण एक प्रश्न होता, तो टाइप करण्याच्या चार वर्षं आधीपासून डोक्यात होता, त्यामुळे बोटांतून गेला तरी शिल्लक राहिला होता.

“त्या दिवशी दारात किती वेळ उभी होतीस?”

मग ती म्हणाली, “शेजारी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. मी म्हटलं, बातम्या संपेपर्यंत थांबते. खेळाच्या बातम्या झाल्या. हवामान सुरू झालं. मग निघाले.”

म्हणजे दहा-बारा मिनिटं तरी. बिनचूकरावांनी मनातल्या मनात हिशोब केला. त्यांच्या वेगाने एवढ्यात अडीच पानं झाली असती.

“मी बाजारात चाललीस असं समजलो,” ते म्हणाले.

“ते मला माहितीये,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि राग नसल्याचंच त्यांना जास्त लागलं.

“येशील का?”

“नाही,” ती म्हणाली. “मला इथे बरं आहे. पोरी असतात दिवसभर, बडबड असते. तुम्ही वाईट नाही हो. पण मला आता दारात उभं राहायचं नाही.”

“बरोबर,” बिनचूकराव म्हणाले. खरं तर त्यांना दुसरं काहीतरी म्हणायचं होतं, पण तयार मजकूर नव्हता.

“ते राहू दे. तुम्ही आधी डॉक्टरकडे जा. माणूस असा उगाच बारीक होत नाही. रक्त तपासून घ्या. उद्याच्या उद्या. आणि रिपोर्ट आले की मला कळवा. नंबर घ्या लिहून. पेन आहे का?”

पेन होतं. त्यांनी नंबर कागदाच्या पाठीवर हाताने लिहून घेतला, त्या सही केलेल्या कागदाच्या, आणि दोनदा वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात पोचले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, कॉलर आता त्यांच्याही नजरेला सैल दिसत होती. बाकड्यावर नऊ माणसं होती आणि प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी होतं, पिशवी धरायला, पाणी आणायला किंवा नुसतंच भांडायला. टेबलावरच्या बाईने फॉर्म पुढे ओढला.

“तक्रार काय?”

“तक्रार काही नाही.”

“मग आलात कशाला?”

“बायकोने पाठवलंय.”

गेल्या चार वर्षांत हा शब्द त्यांनी चारचौघांत उच्चारला नव्हता. आसपासच्या कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. बाकड्यावरचा एक म्हातारा तर हसून म्हणाला, “आम्हालाही बायकोनेच पाठवलंय. ही काय, राखण करायला बसलीये.”

“त्या सोबत आल्यात का?” टेबलावरच्या बाईने विचारलं.

“नाही. परगावी असते.”

“जवळच्या नातेवाइकाचा नंबर?”

बिनचूकरावांनी नंबर सांगितला. कागद बघायची गरज पडली नाही. बाईने लिहिला तेव्हा एक आकडा चुकला. त्यांनी वाकून तो सुधारून घेतला आणि ती कंटाळेपर्यंत पुन्हा तपासायला लावला.

“रिपोर्ट तीन दिवसांनी,” ती म्हणाली. “काही निघालं तर आम्ही फोन करू. नाही निघालं तर यायची गरज नाही.”

“आणि काहीच निघालं नाही तर?”

“तर चांगलंच की, काका!”

बिनचूकरावांनी त्यावर जरा विचार केला. काही निघालं तर बायकोला फोन करून काय सांगायचं ते उघड होतं. काहीच निघालं नाही तर मात्र पहिलं वाक्य काय असावं, हे त्यांना तीन दिवसांत ठरवावं लागणार होतं, आणि पुढे आणखी एखादं. तेवढ्यात आतून त्यांचं खरं नाव कुणीतरी मोठ्याने पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ते आपलंच आहे, आणि ते बाहीचं बटण काढत आत गेले.